पडद्याला परवानगी

माझ्या आयुष्यातला पहिला अर्ज मी एकसष्टाव्या वर्षी लिहिला, आणि तो पाच हात कापडासाठी होता. कापड मागण्यासाठी नव्हे. कापड माझंच होतं, शिवलं मीच होतं, दांडी माझी, खिडकी माझी आणि खिडकीमागची खोलीही माझी. ते कापड त्या दांडीला अडकवून खाली सोडायचं एवढीच काय ती माझी महत्त्वाकांक्षा होती, आणि तिच्यासाठी सरकारची परवानगी लागते हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी शिंपी आहे. घराची पुढची खोली हेच दुकान. एक मशीन, एक कापायचं टेबल, एक मोठा आरसा आणि कोपऱ्यात गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायची जागा. खोलीला रस्त्याकडे एकच खिडकी, आणि उजेड लागतो म्हणून ती चाळीस वर्षं उघडीच. रस्त्यावरून जाणारा माणूस फार तर माझं टक्कल बघायचा आणि पुढे जायचा. टक्कल ही काही लपवण्यासारखी गोष्ट नाही, आणि लपवायची म्हटली तरी लपत नाही.

एके सकाळी समोर रस्त्याच्या कडेला खड्डा खणला गेला. शेजारचे हेडक्लार्क म्हणाले, ‘‘पाण्याची नळी येणार.’’ हे गृहस्थ पाणीखात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे जमिनीला कुठेही भोक पडलं की त्यांना नळीच दिसते. संध्याकाळपर्यंत खड्ड्यातून खांब उगवला. खांबाच्या टोकाला पांढरं डबडं, आणि डबड्याच्या तोंडाला काळी काच. ती काच नेमकी माझ्या खिडकीच्या उंचीवर होती.

‘‘सुरक्षेसाठी आहे,’’ हेडक्लार्क म्हणाले.

‘‘कुणाच्या?’’

‘‘आपल्या! मास्तर, ज्याच्या मनात काही नाही त्याला कसली भीती? माझं बघा, मी खिडकीत उभा राहून दाढी करतो.’’

त्यांची दाढी बघायला सरकारनं खांब उभारला असेल असं मला वाटेना. त्या आठवड्यात दोन बायका माप द्यायला आल्या, खिडकीबाहेर बघितलं आणि ‘‘घाई नाही हो मास्तर, पुढच्या महिन्यात येते,’’ म्हणून गेल्या. तिसऱ्या आल्या त्या वरच्या मजल्यावरच्या बाई. त्या खोलीत आल्या, आरशाकडे गेल्या, आरशात त्यांना खांब दिसला आणि त्या तशाच भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

‘‘मास्तर,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आज नको.’’

आता बाईंबद्दल सांगायला हवं. त्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या कामावर होत्या. मला अक्षरं लावायला त्यांनी शिकवलं, आणि तेही माप देता देता. मी बाही मोजायचो आणि त्या समोरच्या कॅलेंडरवरचं एकेक अक्षर मला मोठ्यानं म्हणायला लावायच्या. छप्पन्नाव्या वर्षी मी ‘गुरुवार’ वाचला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांना आजार झाला आणि रुग्णालयात त्यांची एका बाजूची छाती काढावी लागली. परत आल्यावर त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘‘असं शिवा की कळता कामा नये. मला बाकी काही नको. फक्त जिन्यावर कुणी आवाज खाली करून ‘कशा आहात’ विचारलेलं नको.’’ मी कापूस, अस्तर आणि बारीक टाके घालून असं शिवलं की तीन वर्षांत एका माणसाला कळलं नाही. माझ्या बायकोलाही नाही, आणि तिला न कळलेल्या गोष्टी जगात फार थोड्या आहेत.

हे मी आज लिहू शकतो, कारण आता ते सगळ्यांना माहीत आहे. कसं माहीत झालं तेच सांगतोय.

बाई माप न देताच वर गेल्या आणि मी त्याच दुपारी पडदा शिवला. जाड, करड्या रंगाचा, खाली चार बोटं दुमड. कामगिरी चोख होती. बायको म्हणाली, ‘‘घराला चाळीस वर्षं पडदा मागतेय मी. आज कुठला खांब तुमच्या मनात भरला?’’

चौथ्या दिवशी एक माणूस सायकलवरून आला आणि नोटीस देऊन गेला. मी ती स्वतः वाचली. मला वाचता येतं याचा पश्चात्ताप होण्याची ती पहिली वेळ. ‘सदर ठिकाणी लावण्यात आलेल्या पडद्यामुळे निगराणी यंत्राच्या दृष्टिपथात अडथळा निर्माण झाला असून, तो तीन दिवसांत दूर करावा अथवा पडद्यासाठी विहित नमुन्यात परवानगी घ्यावी.’

म्हणजे ते यंत्र रस्ता बघत होतं असा जो आमचा समज होता तो चुकीचा होता. रस्त्यावर पडदा नव्हता.

नोटिशीची बातमी इमारतीत पसरली आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, ‘‘पडदा काढून टाका आणि काचेला साबण लावा. साबणाला परवानगी लागत नाही.’’ बायको म्हणाली, ‘‘खिडकीत कपडे वाळत घाला. सरकार काय माझ्या ओल्या चादरी उचलणार?’’ हे दोन्ही सल्ले चांगले होते हे मला आता कळतं. मी तिसरा ऐकला.

‘‘अर्ज करा,’’ हेडक्लार्क म्हणाले. ‘‘रीतसर. चौतीस वर्षं अर्ज हाताळलेत मी.’’

मी अर्ज लिहायला बसलो. आपल्या हातानं सरकारला चार ओळी लिहायच्या म्हणून मी अंघोळ करून बसलो होतो, हे कबूल करतो. मी लिहिलं, ‘माझ्याकडे लोक माप द्यायला येतात. त्यांना कुणी बघू नये. म्हणून पडदा लावू द्यावा.’ हेडक्लार्कांनी वाचलं आणि सुस्कारा सोडला.

‘‘मास्तर, हा अर्ज नाही, ही चिठ्ठी आहे. शेवट कुठे आहे याला?’’

‘‘संपलंय की.’’

‘‘असं संपत नसतं. लिहा. ‘तरी सदर प्रकरणी योग्य ती चौकशी होऊन न्याय मिळावा ही नम्र विनंती.’ ’’

‘‘पण मला चौकशी नकोय. पडदा हवाय.’’

‘‘ती वाक्यात असावी लागते हो! ती काय खरी असते? मी चौतीस वर्षांत हजारो अर्जांत वाचली. एकदाही कुणी केली नाही.’’

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं. विशेषतः ‘नम्र’.

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. खिडकी क्रमांक चार. खिडकीत एक बाई बसल्या होत्या आणि त्यांच्या मागे फायलींचा असा डोंगर होता की कॅमेरा नसताना त्यांनी इतकं साठवलं कसं याचं मला कौतुक वाटलं. त्यांनी अर्ज बाजूला ठेवला आणि छापील नमुना पुढे सरकवला.

‘‘कापडाचा तुकडा आणलाय?’’

मी आणला होता. शिंप्याकडे तुकडे नसतील तर कुणाकडे असणार. त्यांनी तो डोळ्यांपुढे धरला.

‘‘यातून तर काहीच दिसत नाही.’’

‘‘हो. चांगलं कापड आहे.’’

‘‘अहो, पण मग पलीकडे काय चाललंय ते कळणार कसं?’’

‘‘कुणाला?’’

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मीच शरमलो. तरी धीर करून विचारलं, ‘‘बाईसाहेब, त्या डब्यातून बघतं तरी कोण?’’

‘‘कुणी बघत नाही हो, काका! एवढा वेळ कुणाला आहे? ते नुसतं साठतं.’’

‘‘कुणी बघत नाही, तर पडद्याचा अडथळा कुणाला होतोय?’’

‘‘साठवायला,’’ त्या म्हणाल्या आणि घड्याळाकडे पाहिलं.

मी बाकावर बसून नमुना भरला. नाव, पत्ता, खिडकीची लांबी, रुंदी, पडद्याचा रंग. सगळं सोपं होतं. अकराव्या रकान्यात छापलं होतं, ‘लपवावयाच्या बाबींचा तपशील’. खोटं लिहायचं नव्हतं. मी लपवत काय होतो? कापड नाही, मशीन नाही. विचार केला आणि जे खरं होतं ते एका शब्दात लिहिलं: ‘माणसं’.

पुढे एक साहेब मला म्हणाले की त्यांच्या सगळ्या नोकरीत अकराव्या रकान्यात इतकं सरळ उत्तर कुणी दिलं नव्हतं.

ते साहेब बारा दिवसांनी, मंगळवारी सकाळी साडेदहाला आले. तरुण, स्वच्छ दाढी केलेले, अत्यंत नम्र निरीक्षक. त्यांच्याबरोबर एक लेखनिक, बगलेत लिहायची फळी. दारात हेडक्लार्क आणि औषधवाला उभे, कारण घराची झडती घ्यायची तर दोन प्रतिष्ठित शेजारी पंच म्हणून लागतात, आणि हे दोघं कुठेही प्रतिष्ठेचं काम निघालं की हातातलं टाकून येतात.

‘‘झडती?’’ मी म्हणालो. ‘‘हुकूम कुठे आहे? घरात शिरायला हुकूम लागतो. मी वाचलंय.’’ बाईंनी दिलेल्या एका पुस्तकात वाचलं होतं. पान सुद्धा आठवत होतं.

‘‘अगदी बरोबर, काका,’’ निरीक्षक म्हणाले. ‘‘ज्याच्या मर्जीविरुद्ध शिरायचं त्याच्यासाठी लागतो. आपण तर बोलावलंत.’’ त्यांनी माझा अर्ज काढला. ‘योग्य ती चौकशी होऊन’ याच्याखाली लाल रेघ होती. ‘नम्र विनंती’च्या खाली दोन.

मी हेडक्लार्कांकडे पाहिलं.

‘‘काळ बदलला,’’ ते पुटपुटले. ‘‘आमच्या वेळी कामं अशी वेळेवर व्हायची नाहीत.’’

आतून बायको आली. ‘‘तुम्ही बोलावलंत यांना? सांगायचं तरी. घर आवरून ठेवलं असतं.’’

‘‘आवरलेलं नसलेलंच बरं, आई,’’ निरीक्षक म्हणाले, ‘‘घरात कुणाला लपवलंय का एवढंच बघायचंय.’’

‘‘कुणाला?’’

‘‘तेच बघायचंय.’’

त्यांनी पलंगाखाली पाहिलं. कपाटात पाहिलं. पाण्याच्या पिंपाचं झाकण काढून पाहिलं. बायको म्हणाली, ‘‘नीट बघा, तळाशी बसला असेल. हे बारीक माणसंच लपवतात.’’ लेखनिकानं पिंपाची नोंद घेतली. गादी उलटीपालटी केली तेव्हा ती म्हणाली, ‘‘फाडू मात्र नका. फाडलीत तर शिवायला हेच बसणार, आणि घरचं काम हे सहा महिने लोळवतात.’’ झडती बाजूला राहून माझ्या आळसाचा पंचनामा होतोय असं मला वाटू लागलं.

मागच्या खोलीत चादरीखाली कुणीतरी उभं होतं. लेखनिक किंचाळला. निरीक्षकांनी चादर ओढली. आत माझा कपडे बसवून बघायचा पुतळा होता, कापडी, कमरेपर्यंतचा.

‘‘याचं डोकं कुठे आहे?’’ धाप लागलेल्या लेखनिकानं विचारलं.

‘‘याला नसतं,’’ मी म्हणालो. ‘‘कामाला लागत नाही.’’

हे वाक्य मी कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं, पण निरीक्षकांनी ते लिहून घ्यायला सांगितलं.

इथपर्यंत गंमत होती. बटणांचे डबे पालथे झाले, सगळी रिळं सुटून जमिनीवर गेली, बायकोच्या ट्रंकेतले कपडे दोन परक्या पुरुषांनी एकेक करून झटकले आणि ती पहिल्यांदाच गप्प झाली, तरीसुद्धा मी म्हणत होतो की होईल, संपेल. मग निरीक्षकांनी टेबलाच्या खणातून मापांची वही काढली.

ही वही मी अक्षरं शिकायच्या आधीपासूनची. लिहिता येत नव्हतं तेव्हा गिऱ्हाईक लक्षात कसं ठेवायचं? मी चित्रं काढायचो. औषधवाला म्हणजे बाटली. पोस्टातला म्हणजे पिशवी. चित्रापुढे रेघा: मोठी रेघ दहा इंच, लहान एक, ठिपका पाव. कुठे खांदा उतरलेला असेल तर तिरपी खूण, कुठे पाय आखूड असेल तर त्याची. माणूस कपडे उतरवून उभा राहिला की त्याचं जे काही असतं ते सगळं त्या वहीत होतं. वाचता यायला लागल्यावरही मी ती अक्षरांत उतरवली नाही. जे माझ्याखेरीज कुणाला वाचता येत नाही ते चांगलं आहे, असं मला तेव्हा वाटायचं.

निरीक्षकांनी पानं उलटली. त्यांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा एकदम गेला.

‘‘काका, ही कसली लिपी?’’

‘‘मापं आहेत.’’

‘‘आपल्याला लिहिता येतं. आपला अर्ज सुंदर आहे. मग हे असं का?’’

‘‘तेव्हा येत नव्हतं.’’

‘‘ही नोंद मागच्या महिन्यातली दिसते. शाई ताजी आहे.’’

सवय, असं म्हणालो. लेखनिकानं लिहिलं, ‘समाधानकारक खुलासा नाही’. निरीक्षक टेबलाशी खुर्ची ओढून बसले. ‘‘असं करू. एकेक खूण वाचून दाखवा, पंचांसमक्ष. मापंच निघाली तर वही आपल्याला परत आणि आम्ही घरी.’’

‘‘साहेब, ही लोकांची अंगं आहेत. त्यांनी मला विश्वासानं दाखवलीत.’’

‘‘आम्ही काय चव्हाट्यावर वाचणार आहोत?’’ ते म्हणाले. दारात पंच होते, पंचांच्या मागे जिन्यावर इमारतीतली सात-आठ माणसं होती.

पहिली बाटली निघाली. औषधवाल्याचा घेर मी मोघम सांगितला, तो हसला. पिशवी झाली, छत्री झाली. मी खांदे नि पाय गाळत होतो, नुसती लांबी-रुंदी सांगत होतो. मग मडकं आलं. मडकं म्हणजे हेडक्लार्क. मडक्याभोवती मी दोऱ्या काढल्या होत्या, कारण दहा वर्षांपासून ते कोटाच्या आत पोट आवळणारी एक हुकांची बंडी घालतात आणि ती मी शिवतो. निवृत्त झाल्यावरही ताठ कसे राहिलात, असं लोक त्यांना विचारतात. व्यायाम, असं ते सांगतात.

‘‘हे बांधलेलं मडकं काय आहे?’’ निरीक्षक म्हणाले.

मी हेडक्लार्कांकडे वळलो. ‘‘सांगू का?’’

त्यांनी मडकं पाहिलं, दोऱ्या पाहिल्या. त्यांचा चेहरा उतरला. घसा खाकरून ते म्हणाले, ‘‘साहेब, पंच या नात्यानं माझं मत आहे की हे पान प्रकरणाशी संबंधित वाटत नाही.’’

‘‘आपण म्हणता तर सोडू,’’ निरीक्षक म्हणाले. आणि खरोखर सोडलं. इतकं सोपं होतं ते. एका प्रतिष्ठित माणसानं तोंड उघडायचा अवकाश.

पुढच्या पानावर पुस्तक होतं.

बाई म्हणजे उघडं पुस्तक, डावं पान आणि उजवं पान. खाली मापं. त्याच्याखाली, तीन वर्षांपूर्वीच्या नोंदीला, मी पुन्हा पुस्तक काढलं होतं, पण एकाच पानाचं. दुसऱ्या पानाच्या जागी कापसाचे ठिपके.

निरीक्षक वहीवर वाकले. ‘‘हे पुस्तक आधी दोन पानांचं आहे. इथे एकच पान आहे.’’

मी पान उलटायला हात पुढे केला, त्यांनी ते बोटानं दाबून धरलं.

‘‘वरच्या मजल्यावर वाचनालयातल्या एक बाई राहतात ना? त्यांनी वाचनालयाच्या दफ्तरातलं एखादं पान बाहेर काढून आपल्याकडे दिलं होतं का?’’ त्यांचा आवाज आता फार मऊ झाला होता. ‘‘ते पान कुठे गेलं, काका?’’

‘‘माप आहे ते,’’ मी म्हणालो.

‘‘कशाचं?’’

मी हेडक्लार्कांकडे पाहिलं. एक वाक्य म्हणायचं होतं त्यांनी, आत्ताच म्हटलेलं, तेच. ते पडदा जरा बाजूला सारून खिडकीतून बाहेर बघत होते. खांबाकडे. त्याच्यावर आत्ताच काहीतरी महत्त्वाचं लिहून आलं असावं तसे.

‘‘नाही सांगणार,’’ मी म्हणालो.

बायको म्हणाली, ‘‘अहो, सांगून टाका ना काय ते! पडद्यापायी जेलात जाता का?’’

‘‘नाही सांगणार.’’

‘‘मग वही, आपण आणि त्या बाई, तिघांना यावं लागेल,’’ निरीक्षक म्हणाले. ‘‘त्यांच्याही खोल्या बघाव्या लागतील.’’ लेखनिकानं फळीवर नवा कागद चढवला.

जिन्यावरची माणसं बाजूला झाली. बाई आत आल्या. त्या किती वेळ तिथे उभ्या होत्या मला ठाऊक नाही. त्या माझ्याकडे आल्या नाहीत, आरशाकडे गेल्या नाहीत. टेबलापाशी येऊन त्यांनी वही आपल्याकडे फिरवली, ते चित्र पाहिलं आणि जरा हसल्या.

‘‘चांगलं काढलंय,’’ त्या म्हणाल्या. मग निरीक्षकांना म्हणाल्या, ‘‘ते पान माझं आहे. दफ्तरातलं नाही. रुग्णालयात कापून टाकलं, तीन वर्षं झाली. मास्तर त्या जागी कापूस भरून देतात. लिहून घ्या.’’

औषधवाल्यानं जमिनीकडे पाहिलं. माझ्या बायकोनं तोंडावर हात ठेवला. निरीक्षक उभे राहिले, त्यांचे कान लाल झाले होते, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. फक्त लेखनिकाचं काम चालू होतं. त्यानं ओळ पूर्ण केली, मान वर केली आणि विचारलं,

‘‘डावं की उजवं?’’

बाईंनी सांगितलं. त्यानं लिहिलं. दोन्ही पंचांनी सह्या केल्या.

वही पुरावा म्हणून गेली. ‘‘मापंच आहेत हे सिद्ध झालं, तरी नोंद झालेली वस्तू जमा करावीच लागते,’’ निरीक्षक म्हणाले आणि माझ्याशी हात मिळवून गेले. जिन्यावर त्या दिवसापासून सगळे बाईंशी आवाज खाली करून बोलू लागले. ‘‘कशा आहात?’’ हेडक्लार्कही विचारतात, पोट आत घेऊन.

पाच आठवड्यांनी परवानगी आली. ‘अर्जदारास पडदा लावण्यास परवानगी देण्यात येत असून, पडद्याचे कापड पारदर्शक असावे.’ मी तो कागद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘‘पुन्हा वाचा,’’ आणि मी पुन्हा वाचला, तर तोच मजकूर होता.

त्यानंतर बाई एकदा खाली आल्या. कापड हातात होतं. दारातच थांबल्या.

‘‘मास्तर, नवीन शिवायचंय. पण माप नाही देणार मी आता. जुन्या मापावर शिवा.’’

‘‘पुढची खोली नको तर मागच्या...’’

‘‘कुठल्याच खोलीत नाही,’’ त्या म्हणाल्या. कापड टेबलावर ठेवून गेल्या.

जुनं माप वहीत होतं. साधं माप असतं तर डोळ्यांनी कापलं असतं. चाळीस वर्षांत तेवढं येतं. पण तो कापसाचा उंचवटा, त्याची उतरण, कुठे किती ठिपके, हे आठवणीनं येत नाही. मी पुन्हा अर्ज लिहिला. या वेळी कुणाला विचारलं नाही, तीनच ओळी लिहिल्या, शेवटी विनंतीसुद्धा घातली नाही. तिसरा मजला, खिडकी क्रमांक चार. वही नको, म्हणालो, त्या एका पानाची नक्कल द्या.

खिडकीतल्या बाईंनी जाडजूड फाईल काढली, पान शोधलं, वाचलं आणि पटकन मिटलं.

‘‘काका, हे नाही देता येणार.’’

‘‘का? माझ्याच वहीतलं आहे.’’

‘‘ही एका बाईंच्या शरीराची माहिती आहे. खासगी आहे. अशी कुणाच्याही हातात आम्ही देत नाही, कायदा आहे तसा.’’ त्यांनी मला जरा निरखून पाहिलं. ‘‘आणि तुम्हाला कशाला हो हवीय ती?’’

माझ्या मागे रांग होती. मी अर्ज परत घेतला.

अंदाजानं कापलं. दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा तसंच ठेवलं. बाईंनी ते नेलं आणि त्या रोज घालतात. एक बाजू अर्धा इंच खाली बसते. रस्त्यावरच्या कुणालाही दिसेल इतकी. ‘‘छान झालंय,’’ असं त्या म्हणाल्या. त्या जिना उतरायला लागल्या की मी मशीनवर मान घालतो आणि पाय मारत राहतो. बायको आतून ओरडते, ‘‘अहो, सुईखाली कापड तरी आहे का?’’